धनेशाचा फॉरवर्ड आणि त्यात नसलेली ढोली

मार्च सरत आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात: पावसाळ्यापूर्वीच्या झाडछाटणीची सूचना आणि धनेश पक्ष्याची करुण कथा. कथेखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. सूचनेखाली ‘ओके’ पडतं, आणि लगोलग ‘आमच्या खिडकीसमोरची फांदी पण घ्या’. या दोन मेसेजांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंका कुणाला येत नाही.

कथेचे शब्द दरवर्षी थोडे बदलतात, सांगाडा तोच राहतो. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि नर चिखलाने दार लिंपून तिला आत कोंडतो. मग तीन महिने तो एकटा तिला भरवतो. शिकाऱ्याने त्याला मारलं तर मादी आणि पिल्लं आत तडफडून मरतात. जोडीदार गेला की उरलेला अन्नपाणी सोडतो. हा शुद्ध शाकाहारी पक्षी आहे, जमिनीवरचं पाणी पीत नाही, चोच वर करून पावसाची वाट पाहतो. त्याच्या तेलाने सांधे सुटतात आणि चोच हस्तिदंतापेक्षा महाग विकली जाते, म्हणून त्याला मारतात. एक धनेश आयुष्यात पाच लाख झाडं लावतो. असा हा दुर्मीळ पक्षी आता मुंबईतही आलाय, तेव्हा वडाचं रोप लावा, झाडाला माठ टांगा, आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा. सोबत पिवळ्याधमक चोचीच्या एका भल्यामोठ्या पक्ष्याचा फोटो.

यातलं काही खरं, काही अर्धं, काही निखालस खोटं. सुरुवात फोटोपासूनच करू, कारण निम्मा घोटाळा तिथे आहे.

फोटोतला पक्षी महाधनेश असतो. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तीन ते चार फूट, वजन दोन ते चार किलो, पिवळी चोच, तिच्यावर रुंद पिवळं शिंग, काळ्या पंखांवर पांढरे पट्टे. महाराष्ट्रात तो सह्याद्रीतल्या दाट रानात आणि दक्षिण कोकणातल्या देवरायांच्या आधाराने टिकून आहे. कोकणात धनेशांना कुणी ककणेर म्हणतं, कुणी माडगरुड. मुंबईत आपल्याला दिसतो तो राखी धनेश. लांबी घारीएवढी, म्हणजे जेमतेम दोन फूट, आणि त्यातली बरीचशी शेपटीच. वजन अर्ध्या किलोच्या आत. अंगभर राखाडी, चोचीवर लहानसं टोकदार शिंग. भारतात धनेशाच्या नऊ जाती आहेत. महाराष्ट्रात त्यांतल्या चार: राखी, मलबारी राखी, मलबारी कवड्या आणि महाधनेश. महाधनेश २०१८ पासून आणि मलबारी राखी २०२० पासून जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ या गटात आहेत. राखी धनेश मात्र अजून सर्वदूर आहे. गावाशेजारची आमराई, रस्त्याकडेचे वड, शहरातली जुनी झाडं त्याला चालतात. एकाचा फोटो, दुसऱ्याचं शहर आणि तिसऱ्याच कुणाची गोष्ट एकत्र केली की कोणाला कशापासून वाचवायचं हेच हरवतं.

‘नर मादीला ढोलीत कोंडतो.’

कोंडत नाही. दार आतून लावलेलं असतं, आणि ते मुख्यतः मादी लावते. स्वतःची विष्ठा, फळांचा गर, बियांचे तुकडे, ढोलीतला कुजका भुसा हे तिचं साहित्य. राखी धनेशाचा नर ओल्या मातीच्या गोळ्या आणून देतो, त्या ती यात कालवते. चोचीच्या बाजूने थापटत थापटत ती ढोलीचं तोंड लहान करत नेते आणि शेवटी एक उभी चीर ठेवते. चोचीचं टोक आतबाहेर होईल एवढीच. वाळल्यावर हे लिंपण मातीच्या भिंतीसारखं कडक होतं.

चीर उभी असल्याचा एक फायदा असा की मादीला आणि पुढे पिल्लांना वळून पाठ चिरेकडे करून विष्ठा बाहेर पिचकारता येते. अडीच हात लांबीचा संसार एका पोकळ खोडात आठवडेच्या आठवडे चालतो, तरी आत उकिरडा होत नाही, तो यामुळे. लिंपण मुख्यतः बचावासाठी आहे. घोरपड, साप, उदमांजर यांच्यापासून, आणि त्याच ढोलीवर डोळा ठेवून असलेल्या दुसऱ्या धनेशांपासूनही.

नराची खेप कशी असते तेही फॉरवर्डमध्ये नसतं, आणि खरं तर तीच पाहण्यासारखी गोष्ट आहे. तो एकेक फळ चोचीत धरून आणत नाही. अंजिरासारखी बरीच फळं गळ्यात साठवून आणतो, फांदीवर बसून मान झटकतो आणि एकेक फळ वर काढून चिरेतून आत देतो. सरडा, नाकतोडा असं काही असेल तर ते चोचीच्या टोकात धरलेलं दिसतं.

‘नर मेला की आतले सगळे मरतात.’

हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य उलगडायला वेळ लागतो. ढोलीत शिरल्यावर मादी पंखांची आणि शेपटीची उडायची पिसं जवळजवळ एकदम गाळते. नवी पिसं येईपर्यंत तिला धड उडता येत नाही. पिल्लं मोठी होतात तोवर तिची पिसंही भरत येतात. म्हणजे एकाच धोक्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात.

पिसं गळण्याआधी नर गेला, तर मादी लिंपण फोडून बाहेर पडू शकते. तो विणीचा हंगाम गेला, मादी वाचली. शेवटच्या टप्प्यात नर गेला, तर तिचे पंख तयार असतात. ती बाहेर येऊन पिल्लांना भरवू शकते. काही जातींत मादी एरवीही पिल्लांच्या आधी बाहेर पडते आणि आत उरलेली पिल्लं स्वतःच चीर पुन्हा लिंपून घेतात. खरा जीवघेणा काळ मधला. दार तेव्हाही तिच्याच हातात असतं, पण बाहेर पडून करायचं काय? उडता न येणारी मादी जमिनीवर आली तर मुंबईत मांजर, कुत्रे आणि कावळे तिला फार वेळ देत नाहीत.

पिल्लांचंही सगळं एकदम होत नाही. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे थोरलं पिल्लू आणि धाकटं यांत मोठा फरक असतो. अन्न तुटलं की धाकटी आधी जातात, थोरलं कधी कधी तरतं. महाधनेश तर एक किंवा दोनच अंडी घालतो आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू उडतं. ईशान्य भारतातल्या तपकिरी धनेशात नराच्या जोडीला आणखी मदतनीस नरही ढोलीवर अन्न आणतात; तिथे एक नर गेल्याचं गणित आणखी वेगळं.

तेव्हा विणीच्या दिवसांत नर मारला तर त्या वर्षीची पिल्लं बहुधा गेली, हे खरं. ‘मादी दाराआड कैद होऊन मरते’ हे खरं नाही. हा फरक का करायचा? कारण कैदेची गोष्ट वाचून सद्भावनेने लिंपण फोडून मादीला ‘सोडवणारे’ लोक तयार होतात. नर एखादा तास दिसला नाही म्हणून काठीने लिंपण पाडलं, तर पिसं गाळलेली मादी आणि उघडी पिल्लं दोन्ही संकटात येतात.

‘जोडीदार गेला की दुसरा उपाशी मरतो.’

जोडी वर्षानुवर्षं टिकते, हे बरोबर. आफ्रिकेतल्या मॉन्टेरोच्या धनेशाच्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली होती, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पिल्लं त्याच घरट्यातल्या नराची निघाली. पण एकटा राहिलेला धनेश प्राण सोडत नाही, नवा जोडीदार शोधतो. वटसावित्रीचं व्रत त्याच्यावर लादू नये. उलट वटपौर्णिमेला मुंबईच्या बाजारांत वडाच्या फांद्यांच्या जुड्या विकायला येतात, त्या कुठल्या झाडावरून तोडल्या हे एकदा विचारून पाहावं.

‘शुद्ध शाकाहारी.’

मुंबईजवळच्या राखी धनेशाच्या एका घरट्यावर झालेल्या अभ्यासात खरवत, करवंद, धामण, मोई, कांडोळ आणि वड-पिंपळ-उंबराच्या कुळातली झाडं ही मुख्य फळझाडं म्हणून नोंदली गेली. बऱ्याच प्राण्यांना विषारी ठरणारी पिवळ्या कण्हेरीची फळंही तो खातो. पण याच पक्ष्याच्या आहारात सरडे, विंचू, गोगलगायी, किडे आणि पोपटाची पिल्लं आहेत. पोपटाच्या ढोलीत चोच घालून पिल्लू ओढणारा धनेश पाहिला की शाकाहाराचं प्रमाणपत्र गळून पडतं. पिल्लं वाढताना प्रथिनं लागतात, बस्स.

मुंबईला हे फार पूर्वीपासून ठाऊक असायला हवं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर जो महाधनेश आहे, तो खराखुरा पक्षी होता. नाव विल्यम. १८९४ मध्ये पिल्लू असताना कारवारहून आला आणि १९२० पर्यंत सोसायटीच्या कचेरीत राहिला. केळी आणि रानउंबरं खायचा, आणि जिवंत उंदीर, विंचू, कच्चं मांसही आवडीने. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत अचूक झेलायचा. ही करामत शिकवलेली नव्हती. त्याच्या शरीराची घडण तशी आहे. धनेशाची जीभ आखूड असते, चोचीच्या टोकात धरलेला घास घशापर्यंत ढकलता येत नाही, म्हणून तो घास हवेत उडवून घशात झेलतो. एवढी जड चोच पेलायला मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जोडलेले असतात. पक्ष्यांमध्ये हे फक्त धनेशात आढळतं. विल्यमचं चित्र संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९३३ मध्ये, बोधचिन्ह झालं. फोर्टातल्या तिच्या इमारतीचं नावही ‘हॉर्नबिल हाउस’.

‘फक्त पावसाचं पाणी पितो.’

विल्यमबद्दल लिहिलेल्यांनी हेही नोंदवलं होतं की तो पाणी पिताना दिसत नसे, त्यात आंघोळही करत नसे. म्हणजे फॉरवर्डमध्ये निरीक्षण जवळपास बरोबर आहे, अर्थ चुकीचा लावलाय. धनेशाला लागणारं बहुतेक पाणी फळांतून मिळतं. पावसाची वाट पाहण्याची कल्पना बहुधा दोन पक्ष्यांच्या घोळातून आली. आपल्याकडे पावसाची वाट पाहणारा तो चातक, म्हणजे कोकिळेच्या कुळातला काळा-पांढरा तुरेवाला पक्षी. केरळात मात्र मलयाळम कवितेत ही भूमिका वेळाम्बलकडे, म्हणजे धनेशाकडे आहे, आणि महाधनेश केरळचा राज्यपक्षी आहे. मेसेज भाषांतर होऊन इकडे आला आणि चातकाची तहान धनेशाच्या चोचीत जाऊन बसली.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. मे-जूनमध्ये धनेशाचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं, तर ‘तहानलेलं असेल’ म्हणून ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूधभात, पाव, बिस्किट काहीच नको. भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिल्लू पिसांनी भरलेलं असेल आणि जखम नसेल, तर ते उडायला शिकताना उतरलेलं असू शकतं. आधी दूर उभं राहून पाहा, पालक जवळपास असतात.

‘तेलाने सांधे सुटतात, चोच हस्तिदंतापेक्षा महाग.’

या ओळी शिकार थांबवण्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि परिणाम नेमका उलटा होतो. ‘तेल गुणकारी आहे, म्हणून मारतात’ हे वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘गुणकारी’ तेवढं राहतं.

धनेशाच्या अंगी एक तेल खरोखरच असतं. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून ते स्रवतं. महाधनेश चोच आणि शिंग त्या ग्रंथीवर घासतो, पिसांनाही लावतो. फोटोतला तो पिवळाधमक रंग त्या तेलाचा. पक्ष्याने स्वतःच केलेला मेकअप म्हणा. बाजारात ‘धनेशाचं तेल’ म्हणून विकलं जातं ते मात्र चरबी कढवून केलेलं असतं, किंवा धनेशाचा त्यात पत्ताही नसतो. कुठल्याही कोमट तेलाने चोळलं तर जेवढं बरं वाटतं त्यापलीकडे त्यात काही नाही.

चोचीची गोष्ट तर भारतातली नाहीच. भरीव शिंग असलेला एकच धनेश आहे, सुमात्रा-बोर्निओकडचा शिरस्त्राणी धनेश. त्याच्या शिंगावर कोरीवकाम करतात, आणि त्या व्यापारामुळे तो २०१५ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. आपल्या महाधनेशाचं शिंग आतून पोकळ, पातळ कवचाचं. महाधनेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. महाग काही असेल तर ते हे.

‘एक धनेश पाच लाख झाडं लावतो.’

आकडा कुठून आला हे विचारायला गेलं तर साखळी दुसऱ्या फॉरवर्डपाशीच संपते. धनेश बी वाहून नेतो, हे शंभर टक्के खरं. पण बी टाकणं आणि झाड उभं राहणं यांत उंदीर, किडे, सावली आणि उन्हाळा एवढे सगळे असतात. उडतानाची आणि रातथाऱ्यावरची बी दूर विखुरते. घरट्याखाली पडलेल्या बियांचा ढीग मात्र बहुतांश वाया जातो.

त्याचं महत्त्व आकड्यात नसून बियांच्या आकारात आहे. वडा-उंबराच्या मोहरीएवढ्या बिया बुलबुल, तांबट, कोकिळ, वटवाघळं कुणीही नेतात. रानजायफळ, धूप यांसारख्या झाडांचं मोठं बी गिळून, गर काढून घेऊन, सालीला धक्का न लावता परत ओकणारे पक्षी मोजकेच, आणि सह्याद्रीत त्यांत धनेश पुढे. म्हणून सदाहरित रानातला महाधनेश गेला तर काही झाडांचा प्रसार खुंटतो. मुंबईतला राखी धनेश गेला तर वड उगवायचे थांबणार नाहीत. ते गच्चीवरच्या पाइपातही उगवतातच.

‘आता मुंबईतही आलाय.’

तो इथलाच आहे. राष्ट्रीय उद्यान, आरे, पवई तर सोडाच. राणीचा बाग, मलबार हिल, दादर-माटुंग्याची पाच उद्यानं इथेही त्याची किंचाळी ऐकू येते, बरीचशी घारीच्या शिळेसारखी. ‘दिसतो म्हणजे सगळं आलबेल’ या निष्कर्षाला मात्र हरकत आहे. धनेश दीर्घायुषी पक्षी आहे. ढोल्या संपल्यावरही प्रौढ जोडी वर्षानुवर्षं त्याच भागात फळं खात हिंडू शकते. दिसणं आणि वीण होणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दुसरी कुणी ठेवत नाही.

‘वडाचं रोप लावा, माठ टांगा.’

वड लावा, अवश्य लावा. उंबर-वडाच्या कुळाचा गुण असा की सगळी झाडं एकदम फळत नाहीत. प्रत्येक जातीची ठरावीक सूक्ष्म माशी फळाच्या आत परागण करते, आणि ती टिकायची तर परिसरात कुठलं ना कुठलं झाड सतत फळावर लागतं. त्यामुळे ऐन एप्रिल-मेमध्ये नराला काहीतरी सापडतं. पण आज लावलेला वड फळायला बरीच वर्षं घेतो आणि ढोली धरायला काही दशकं. धनेशाची अडचण यंदाच्या एप्रिलची आहे.

माठाचं म्हणाल तर तो उन्हात तापतो, वाऱ्यावर झुलतो, आतून गुळगुळीत असतो आणि त्याचं तोंड लिंपायला फार मोठं. त्यात चिमण्या-साळुंक्या राहतील. पेटी करायचीच असेल तर इंचभर जाड लाकडी फळ्यांची करा. आतली लांबी-रुंदी फूट-फूट, उंची दोन फुटांच्या वर. तोंड उभट, जेमतेम हात जाईल एवढं आणि तळापासून थोड्याच उंचीवर, म्हणजे बसलेल्या मादीची चोच चिरेपर्यंत पोचेल. आतून फळ्या खरवडून खरखरीत करा, तळाला वीतभर कुजका भुसा घाला, पाणी निथळायला बारीक छिद्रं ठेवा. दोन मजल्यांच्या वर, दुपारचं ऊन न लागणाऱ्या बाजूला, खोडाला घट्ट बांधा. खिळे नकोत, दोरीला जुन्या पाण्याच्या पाइपाचं अस्तर द्या, नाहीतर दोरी सालीत रुतून झाड आवळतं. हे जानेवारीच्या आत व्हायला हवं, कारण जोड्या त्यानंतर ढोल्या धुंडाळू लागतात. एवढं करून पोपट, साळुंकी किंवा मधमाश्या आधी शिरण्याची तयारी ठेवा.

सिंगापूरमध्ये कवड्या धनेशाचा एक भाऊबंद एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता, १९९४ मध्ये पुलाऊ उबिन बेटावर परत दिसला आणि पुढे पेट्यांच्या मदतीने शहरात पसरला. म्हणजे पेट्या चालतात, पण त्या लावून, तपासून, दुरुस्त करत राहणारी माणसं मागे असतील तर. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाशेजारच्या गावांतले निशी लोक घरट्यांचे राखणदार म्हणून काम करतात आणि शहरातले लोक एकेक घरटं दत्तक घेऊन त्यांचा पगार भरतात. आपल्याकडे उत्तर सह्याद्रीत बेहड्याच्या झाडांवर धनेश वीण करतो म्हणून ती झाडं सरपणाला न तोडता त्यांची फळं गोळा करून औषधी बाजारात विकण्याची व्यवस्था पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने गावकऱ्यांबरोबर उभी केली. दोन्हीकडे पैसा उभ्या असलेल्या झाडापाशी जातो.

आता जे फॉरवर्डमध्ये नसतं त्याकडे येऊ. धनेश ढोली कोरत नाही. सुतार किंवा तांबट लाकूड टोकरतात, धनेशाला तयार पोकळी लागते. ती होते अशी: मोठी फांदी मोडते, आतलं लाकूड उघडं पडतं, बुरशी शिरते आणि गाभा कुजत जातो, कडेने झाड नवी साल आणून जखम आवळत राहतं. धनेश मावेल एवढी पोकळी व्हायला मऊ लाकडाच्या पर्जन्यवृक्षालाही बरीच वर्षं लागतात, आंब्याला आणखी. म्हणजे ढोली नेहमी अशाच झाडात असते जे छाटणीच्या यादीत ‘पोकळ, धोकादायक’ म्हणून सगळ्यांत वर असतं. आणि यादीवर कुऱ्हाड पडते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मादी नेमकी आत असताना.

पोकळ म्हणजे पडणारं, असं समीकरण नाही. लोखंडी नळीही पोकळच असते. झाडतज्ज्ञांचा ढोबळ ठोकताळा असा की खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसरा हिस्सा निरोगी लाकूड भोवतीने असेल तर खोड बऱ्यापैकी भक्कम मानतात. साठ सेंटिमीटर व्यासाच्या खोडात भोवताली दहा सेंटिमीटर घट्ट लाकूड, असं समजा. मोठं उघडं तोंड असेल, मुळं काँक्रीटमध्ये गळा आवळलेली असतील, बुंध्याशी अळंबी उगवली असेल, तर हा ठोकताळा लागू करू नका. तज्ज्ञाकडून तपासून घ्या. आणि ढोलीत सिमेंट भरायची जुनी पद्धत आता तरी सोडावी. सिमेंट झाडाबरोबर हलत नाही, कडेने ओल धरतं, आणि झाड नेमकं तिथेच मोडतं. वर धनेशाची जागाही गेली.

छाटणीआधी ढोली भरलेली आहे का, हे खालून कळतं. मादी दिसणार नाही, खुणा दिसतात. ढोलीच्या तोंडाला सालीपेक्षा वेगळ्या रंगाचं मातकट लिंपण आणि मध्ये काळी उभी रेघ. चिरेखाली खोडावर विष्ठेचे ओघळ. झाडाखाली एकाच जागी बिया, सालं, कधी कोवळी रोपंही. सकाळी सात ते नऊ किंवा दुपारी चारनंतर दोन तास तरी बसून पाहा. नर येऊन त्याच फांदीवर टेकून मान झटकतो का. तो आला पण ढोलीकडे न जाता शेजारच्या झाडावर घुटमळत राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. मोबाइलवर धनेशाचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर अजिबात नको.

खुणा सापडल्या की वॉर्डच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. झाडाची जात, नेमकी जागा, ढोलीची उंची आणि दिशा, नर दिसल्याच्या तारखा-वेळा, फोटो, आणि एक स्पष्ट मागणी: या फांदीची छाटणी जूनअखेरपर्यंत थांबवावी. सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही परवानगी लागतेच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेलाही लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरची झाडं ‘हेरिटेज’ गणली जातात. वन्यजीव कायद्याच्या ‘शिकार’ या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी उद्ध्वस्त करणं किंवा त्यांना उपद्रव देणं हेही येतं, ही ओळ अर्जात घातली की अर्ज जरा लवकर वाचला जातो.

फांदी खरंच धोक्याची असेल तर ती मुळापासून काढणं हा एकच मार्ग नसतो. ढोलीच्या पुढचा शेंडा आखूड करून वजन कमी करता येतं. वाऱ्याचा जोर पानांच्या भारावर लागतो, ढोलीच्या ठोकळ्यावर कमी. फांदीखाली दोन-अडीच महिने गाड्या लावू नका, दोरी बांधा, पाटी लावा. सेक्रेटरींना पटवायला हे सगळ्यांत अवघड जातं, कारण पार्किंगच्या जागेपुढे मुंबईत धनेशाचं काही चालत नाही. मोठी छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात उरकून घेतली तर हा वाद मुळात येतच नाही.

जूनमध्ये पहिल्या सरींच्या आसपास झाडाखाली मातकट खपल्या पडलेल्या दिसतात. लिंपण फुटलं, ढोली रिकामी झाली. तेव्हाही ती फांदी ‘आता मोकळी’ म्हणून यादीत घालू नये. पुढच्या मार्चमध्ये जोडी बहुधा त्याच भोकात पुन्हा चोच घालून पाहते.